रिकाम्या घराची यादी

पाणी शुद्ध करणाऱ्या त्या केंद्रात दोन नियम असे होते की ते मोडायची छाती मोठ्या साहेबांनाही नव्हती. पहिला, प्रयोगशाळेत इंटरनेटची तार येणार नाही. अख्खं शहर जे पाणी पितं त्याच्या मुळाशी बाहेरच्या कुणाचं बोट पोचायला नको, एवढं साधं कारण. दुसरा नियम पहिल्याचा धाकटा भाऊ. प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावायचा तर तो स्टोअरमधूनच घ्यायचा, नंबर कोरलेला. बाहेर नेऊन भरून आणायचा. आणि एकदा का आतल्या कॉम्प्युटरला लावला की तो पुन्हा गेटबाहेर जाणार नाही. काम झालं की तो स्टोअरकीपरच्या टेबलावरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडायचा आणि तिथेच म्हातारा व्हायचा.

या डब्याचा धनी म्हणजे केंद्राचा स्टोअरकीपर. माणूस पन्नाशी ओलांडलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पेन कानावर. त्याच्या स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय टाचणी बाहेर पडली नव्हती. सगळे त्याला 'ओपनर' म्हणत. नव्या लोकांना वाटे, आठच्या ठोक्याला कुलूप उघडतो म्हणून असेल. जुने लोक हसत आणि गप्प बसत. तोही गप्प बसे.

प्रयोगशाळेतली ताई त्याची बायको. ताई ती साऱ्या केंद्राची. त्याची नव्हे, हे तो नव्या माणसाला आवर्जून सांगे. सव्वीस वर्षं ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पाण्याच्या थेंबातल्या शेवाळाच्या पेशी मोजत होती. पेशी वाढल्या की गाळण्या तुंबतात, पाण्याला वास मारतो आणि शहराच्या तोंडून केंद्राच्या आईबापांचा उद्धार होतो. तो होऊ नये म्हणून ताई मोजायची. एका हातात टिकटिक करणारं मोजणीचं यंत्र, दुसऱ्या हाताखाली काचपट्टी. काचपट्ट्या संपल्या की नवऱ्याच्या खिडकीशी रीतसर चिठ्ठी द्यायची. एकदा तारीख घालायची राहिली म्हणून त्याने चिठ्ठी परत केली होती. त्या संध्याकाळी घरी त्याला चहा मिळाला नाही. "रीतसर मागणी आली नाही," असं ताई म्हणाली होती.

लग्न झालं त्या वर्षी त्याने एकदा कौतुकाने सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलं होतं. त्याला आपल्याच पापण्या दिसल्या. त्यानंतर त्याने तो नाद सोडला.

आता मात्र ताईच्या डोळ्यांनी असहकार पुकारला होता. डॉक्टर म्हणाले, दिवसाला तासभर, जास्त नाही. मुख्यालयाने यावर उपाय काढला: सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसवायचा आणि कॉम्प्युटरने पेशी मोजायच्या, ताईने पडद्यावर नजर ठेवायची. कॅमेरा बसला, नवा कॉम्प्युटरही आला. राहिला तो मोजणीचा प्रोग्राम. आणि वरून पत्र आलं: शुक्रवारी चार वाजेपर्यंत यंत्रमोजणी सुरू न झाल्यास नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेकडे जातील आणि संबंधित कर्मचाऱ्याची रवानगी मीटर तक्रार विभागात होईल.

"मी काय तिथे बसून लोकांच्या शिव्या मोजू?" ताई म्हणाली.

"टिकटिक यंत्र घेऊन जा बरोबर," तो म्हणाला. पण थट्टा तेवढीच. बायको रिकाम्या हाताने कशी दिसते ते त्याने सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि पाहायची इच्छाही नव्हती.

सोमवारी मुख्यालयातून एक तंत्रज्ञ मुलगी आली. चटपटीत, पाठीला पिशवी, बोलणं असं की जणू बस चुकणार आहे. केंद्रातल्या लोकांनी तिचं बारसं पहिल्या तासात उरकलं: 'मुख्यालय'. "मुख्यालयाने डबा आणलाय का?" "मुख्यालय आज खोकतंय."

तिने स्टोअरच्या खिडकीशी येऊन पेनड्राइव्ह मागितला. शिल्लक पाच होते. त्याने नोंद केली, सही घेतली.

"एकच पुरे काका. ताईंचं काम दुपारपर्यंत होईल."

"थांबा," त्याने चष्म्यावरून पाहिलं. "बायको ताई आणि मी काका? एका घरात दोन पिढ्या करता होय?"

मुलगी हसली, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. खरं मुख्यालय बसने चाळीस मिनिटांवर. ती गेली, प्रोग्राम भरून आणला, प्रयोगशाळेत शिरली आणि पाव तासात कागदाचा चिटोरा घेऊन परत आली. आतल्या कॉम्प्युटरने सांगितलं होतं: हा प्रोग्राम एकटा चालत नाही, त्याला अमुक पॅकेज लागतं, ते माझ्याकडे नाही.

"पॅकेज म्हणजे?" त्याने विचारलं.

"म्हणजे तयार करून ठेवलेला कामाचा गठ्ठा. आपला प्रोग्राम स्वतः चित्र उघडत नाही, ते काम दुसऱ्या पॅकेजकडून करवून घेतो. ते तिसऱ्याकडून. एरवी इंटरनेट असलं की कॉम्प्युटर आपला आपण सगळ्यांना बोलावून घेतो, आपल्याला कळतही नाही."

"म्हणजे एका पाहुण्याला बोलवायचं तर त्याच्या साडूला बोलवावं लागतं, आणि साडू व्याह्यांशिवाय येत नाही."

"अगदी तसंच!"

"मग पंगतीचा अंदाज आधी घ्यायचा असतो, मॅडम," तो म्हणाला आणि पहिला पेनड्राइव्ह डब्यात टाकला. टण्ण.

मंगळवारी सकाळी ती साडूला घेऊन आली. साडूने व्याह्यांचं नाव सांगितलं. टण्ण. दुपारी व्याह्यांसकट अकरा जण आले. त्यांतल्या एकाचं म्हणणं पडलं की माझ्याशेजारी बसणारा गृहस्थ हवा तितक्या वयाचा नाही, मागच्या वर्षीची आवृत्ती आहे. मला यंदाचा हवा. टण्ण. दर वेळी मुलगी पडद्यावरचं वाक्य हाताने कागदावर उतरवून आणायची, कारण आतलं काहीच बाहेर न्यायची सोय नव्हती. तिचं अक्षर सोमवारी वळणदार होतं. मंगळवारी संध्याकाळपर्यंत ते डॉक्टरांच्या वळणावर गेलं.

केंद्रातली मंडळी मोठी मायाळू. जाता-येता विचारपूस करायची. पंपचालक खिडकीशी वाकून म्हणाला, "काय ओपनर, मुख्यालय अजून बसनेच फिरतंय?"

"तुमचा पंप चालू करा आधी."

"तो चालूच आहे. आमचं सगळं चालूच असतं. ताईंना सांगा, तक्रार विभागात खुर्ची चांगली आहे, गादीची."

ओपनरने खिडकी लावून घेतली. इतक्या वर्षांच्या नोकरीत कामाच्या वेळेत ती पहिल्यांदा बंद झाली.

बुधवारी मुलगी आली ती विजयी चेहऱ्याने. रात्री तिने अक्कल लढवली होती. "काका, आता एकेक आणायची भानगड नाही. मी माझ्या कॉम्प्युटरला हुकूमच दिला. हा प्रोग्राम आण आणि त्याला जे जे लागतं तेही आण. तेवीस पॅकेजं निघाली. सगळी भरून आणलीत."

"तेवीस," त्याने नोंदवहीत लिहिलं. चौथा पेनड्राइव्ह. कपाटात आता एकच शिल्लक. नवीन मागवले तर महिना लागतो, हे तोच सगळ्यांना सांगत आला होता.

या वेळी तोही मागोमाग प्रयोगशाळेत गेला. म्हणायला काचपट्ट्यांची मोजणी. ताई खिडकीशी उभी होती, टिकटिक यंत्र हातात धरून, मोजायला काही नसताना. मुलीने पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर ओळी धावू लागल्या. एक बसलं, दुसरं बसलं, दहा बसली, पंधरा. सतराव्याला गाडी अडली.

मुलीने वाचलं आणि कपाळावर हात मारला. "हे? हे मागतोय? अहो, हे तर सगळ्यांकडे असतंच!"

"कुणाकडे?" ओपनरने विचारलं.

"सगळ्यांकडे. साध्यातलं साधं आहे हे, काका. दहा कामांना लागतं. माझ्याकडे तर पहिल्या दिवसापासून आहे."

ओपनर जागच्या जागी थांबला. ताईने नवऱ्याकडे पाहिलं आणि सव्वीस वर्षांत दोनतीनदाच दिसलेलं काहीतरी तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं: तो लाजला होता.

"मॅडम, बसा," तो म्हणाला. "मला ओपनर का म्हणतात, माहितीये?"

"आठ वाजता उघडता म्हणून ना?"

ताई खुदकन हसली. "अहो, सांगताय? स्वतःहून?"

"सांगतो. मी नोकरीला लागून चार महिने झाले होते. नदीच्या वरच्या अंगाला एक पंपघर होतं, रस्ता नाही, होडीने जायचं. सहा माणसं पंधरा दिवस दुरुस्तीला जाणार, सामान भरून द्यायचं काम माझ्याकडे. मी स्टोअरमधल्या टेबलाशी बसून यादी केली. नट, बोल्ट, कंदील, अंथरुणं, औषधं. साहेबांनी पाठ थोपटली. खायला म्हणून चाळीस डबे, पत्र्याचे, सीलबंद. होडी गेली." तो थांबला. "ओपनर नाही दिला."

"एकही?"

"एकही. का सांगा. कारण माझ्या स्टोअरमध्ये ओपनर टेबलासमोरच्या खिळ्याला टांगलेला होता. रोज डोळ्यांसमोर. हात केला की मिळायचा. म्हणून तो यादीत आलाच नाही. माझ्याकडे होता ना!"

"मग त्यांनी काय केलं?"

"छिन्नी-हातोड्याने फोडले. परत आले तेव्हा सहांपैकी चौघांच्या बोटांना पट्ट्या होत्या आणि सहाही जण माझं नाव ठरवून आले होते." त्याने चष्मा पुसला. "त्या दिवसापासून एक नेम. यादी भरल्या घरात बसून करायची नाही. भरलं घर खोटं बोलतं. जिथे माल जायचा, त्या रिकाम्या खोलीत जाऊन उभं राहायचं, आणि मग लिहायचं. आता मला सांगा, तुम्ही कॉम्प्युटरला म्हणालात, लागेल ते सगळं आण. जे त्याच्याकडे आधीच होतं, ते त्याने आणलं?"

मुलगी पडद्याकडे वळली. "ते कशाला आणेल? त्याला वाटणार, आहे की आपल्याकडे."

"खिळ्याला टांगलेलं."

"अगं बाई," मुलगी पुटपुटली. "तीन दिवस मी माझ्याच घरचा ओपनर विसरतेय."

मग तिचं डोकं भराभर चालू लागलं. तिला हवा होता रिकामा कॉम्प्युटर. अगदी या आतल्यासारखा, त्याच बनावटीचा, कोरा, पण बाहेर नेता येईल असा. त्यावर बसून हुकूम दिला की त्याच्याकडे काहीच नसल्यामुळे तो एकूण एक वस्तू मागवेल. "पण या बनावटीचा आमच्याकडे एकही नाही. सगळे जुने आहेत, आणि भरलेले."

ताईने सावकाश नवऱ्याकडे मान वळवली. ओपनरने छताकडे पाहिलं. कारण त्याच्या स्टोअरमध्ये, वरच्या फळीवर, खोक्यात बंद, चिकटपट्टीसुद्धा न फाडलेला, याच कॉम्प्युटरचा जुळा भाऊ बसला होता. अडीअडचणीसाठी जोडीने घेतलेला. प्रयोगशाळेतला निकामी झाल्याशिवाय आणि तीन सह्यांशिवाय तो हलणार नव्हता, आणि तीनपैकी एक सही करणारे हिशेबाचे साहेब पुढच्या सोमवारपर्यंत रजेवर होते.

"अहो," ताई म्हणाली. बाकी काही नाही.

"चिठ्ठीशिवाय मी टाचणी देत नाही."

"मी कुठे काय म्हटलं?"

"म्हणू नकोसच."

तो स्टोअरमध्ये गेला आणि तासभर बाहेर आला नाही. पंपचालकाने दोनदा डोकावून पाहिलं. ओपनर जमिनीवर बसून जुन्या पावतीपुस्तकांचा ढीग उपसत होता. अखेर त्याला हवं ते मिळालं: हिरवं, कोपरे कुरतडलेलं एक पुस्तक. 'वस्तू वापरण्यापूर्वी बाहेर तपासणीसाठी पाठवणे.' नव्या वस्तूत दोष आहे का, हे पाहायला ती परत येण्याच्या बोलीवर बाहेर पाठवायची तरतूद. सही लागते एकच, स्टोअरकीपरची. शेवटची पावती अकरा वर्षांपूर्वीची, एका वजनकाट्याची.

त्याने कार्बन पेपर लावला. लिहिलं: कॉम्प्युटर, एक, नवा. कारण: प्रयोगशाळेचा प्रोग्राम यावर चालतो की नाही याची तपासणी. अक्षरन् अक्षर खरं. सही करण्याआधी मात्र त्याने पावती पुन्हा एकदा वाचली. खोकं मुलीच्या हवाली करताना त्याने तीनदा बजावलं, "पाणी लागू देऊ नका. उलटं धरू नका. आणि चिकटपट्टी सरळ कापा, ओरबाडू नका."

"काका, तुम्ही लेक सासरी पाठवताय की काय?"

"लेकीला पावती लागत नाही. शुक्रवारी दोनला परत हवा."

गुरुवार सरता सरेना. ताईने प्रयोगशाळेतलं आपलं कपाट आवरायला घेतलं आणि त्याने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. जेवणाच्या सुट्टीत दोघं बाकावर शेजारी बसली.

"तक्रार विभागात खिडकी आहे म्हणे, रस्त्याकडे," ती म्हणाली.

"तुला कोण विचारतंय?"

"मीच मला विचारतेय. सवय हवी ना."

त्याने आपल्या डब्यातली लोणच्याची फोड तिच्या डब्यात ठेवली. रीतसर मागणी नसताना.

शुक्रवारी दोनला पाच मिनिटं असताना मुलगी गेटमधून आली. एका हातात खोकं, सरळ कापलेल्या चिकटपट्टीवर नवी चिकटपट्टी लावलेलं. दुसऱ्या हातात पाचवा आणि शेवटचा पेनड्राइव्ह.

"किती?" ओपनरने पेन उघडलं.

"एक्केचाळीस."

"तेविसाची एक्केचाळीस?"

"अठरा माझ्या खिळ्यांना टांगलेली होती," ती म्हणाली. "आणि काका, मी तेवढ्यावर नाही थांबले. सगळं जमवल्यावर त्याला पुन्हा पुसून कोरा केला, इंटरनेटची तार उपटली आणि नुसत्या या पेनड्राइव्हवरून सगळं बसवून पाहिलं. चाललं. मग परत पुसला. तुमचा माल होता तसा कोरा."

ओपनरने हिरव्या पावतीवर 'परत मिळाला' असं लिहिलं, आणि त्याखाली 'दोष नाही'. त्याला मुलगी आवडली. तार उपटून पाहणारं माणूस म्हणजे होडी सुटण्याआधी डबा फोडून पाहणारं माणूस. अशी माणसं मागूनही मिळत नाहीत.

प्रयोगशाळेत या वेळी प्रेक्षक जास्त होते. पंपचालकाला अचानक प्रयोगशाळेतल्या नळाची काळजी वाटू लागली होती. ओळी धावल्या. सोळावं बसलं. सतरावं, ते सगळ्यांकडे असणारं, बसलं. तिसावं. चाळिसावं. एक्केचाळिसाव्यापाशी पडदा क्षणभर थबकला आणि पंपचालक म्हणाला, "अडलं."

"तुमची जीभ अडो," ताई म्हणाली.

पडदा उजळला. सकाळच्या पाण्याचा थेंब, हातभर मोठा होऊन समोर आला. हिरव्या साखळ्या, चांदण्या, होडीच्या आकाराचे काचेसारखे तुकडे; आणि एकेकावर छोटा लाल ठिपका उमटू लागला. कोपऱ्यात आकडा आला: चारशे बारा. साडेतीन वाजले होते.

मुलगी टाळ्या वाजवणार होती. पण ताईने हात वर केला, खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसली. तिने टिकटिक यंत्र घेतलं. टिक, टिक, टिक. वीस मिनिटं.

"चारशे सात," ती म्हणाली. "हे तीन बुडबुडे आहेत. हा कापसाचा धागा. आणि ही एकच पेशी आहे, दोन नव्हे. दुभंगायला लागलीये, पण अजून वेगळी झालेली नाही. इतकी घाई कशाला याला?"

मुलगी पडद्याजवळ वाकली. "खरंच की. हे त्याला शिकवावं लागेल. ताई, तुम्ही रोज त्याच्या चुका खुणावून द्याल? तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही हे."

"म्हणजे हा मोजणार आणि मी त्याची मोजणी मोजणार."

"हो."

"बरं झालं," ताई म्हणाली. "घरी एक आहे तसाच."

चार वाजायला पाच मिनिटं असताना मोठे साहेब आले, आकडा पाहिला, मान डोलावली, कागदावर 'सुरू' असं लिहिलं आणि गेले. पंपचालकही नळ ठीक आहे असं जाहीर करून गेला. मुलीची बस होती. ओपनरने पाचवा पेनड्राइव्ह हातात घेतला. तो डब्यात टाकायला जाणार, तेवढ्यात ताईने त्याची बाही धरली.

"थांबा ना. बसा जरा. आता डोळा लावायला नको, पापण्या दिसणार नाहीत."

तो शेजारच्या स्टुलावर बसला. समोर तो थेंब होता. एक हिरवी साखळी सावकाश वळत होती, जणू तिला कुठे जायचं नव्हतं. काचेची होडी तिच्याजवळून गेली, थांबली, मागे फिरली.

"इतकी वर्षं तू हे बघत होतीस?"

"बघत कुठे होते? मोजत होते. बघायला आजच बसलेय."

पेनड्राइव्ह त्याच्या मुठीत गरम झाला. मग त्याने चष्मा नाकाच्या शेंड्यावरून वर ढकलला, पुढे वाकला आणि बोटाने पडद्याकडे दाखवत हलकेच सुरुवात केली, "एक, दोन, तीन..."

"अहो, तो बुडबुडा आहे," ताई म्हणाली.